आईचा अंगठा

बुद्धपौर्णिमेची आदली संध्याकाळ, किन्हवली

दुपारच्या एसटीने माहेरी आले. दादाने बुद्धमूर्तीवर टॉवेल टाकून ठेवला होता. "डोळे मीट गो," म्हणाला. टॉवेल काढला. आजोबांनी गोदीत कामाला असताना आणलेली, ब्रह्मदेशची जुनी सागवानी मूर्ती सोनेरी ऑइलपेंटने चकाकत होती.

"आई गेल्यापासून पार काळवंडलेली. आता नवी दिसते का नाय?"

छान झाली, म्हटलं. त्याच्या नखांत अजून रंग होता.

पण मूर्तीचा तो गुडघा! आई रोज वंदना झाली की मूर्तीला खोबरेल लावायची आणि अंगठा कायम त्याच गुडघ्यावर टेकवायची. तिथलं कोरीवकाम झिजून अंगठ्याएवढा खळगा पडला होता. ती गेल्यावर मी घरी आले की आधी तिथे अंगठा ठेवायचे. बरोब्बर बसायचा.

मघाशी मेणबत्ती लावताना हात आपोआप गुडघ्यावर गेला. सगळं सपाट. पुन्हा चाचपलं.

दादा मागेच उभा होता. "तिथं खड्डा पडलेला. रंगाआधी लांबी-पुट्टी भरून बुजवून टाकला. आता कुनाला कळनार पन नाय."