गाळलेला अर्थ

३ ऑगस्ट

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमच्या लॅटिन-मराठी शब्दकोशाची मुद्रितं तपासून झाली. डोळे फुटायची वेळ आली. हे म्हणतात, आता चष्म्यावर चष्मा चढव. ‘अकेर्बुस’ या विशेषणापाशी मात्र अडले. कच्च्या फळासारखा, आंबट, तुरट, एवढंच दिलंय. उदाहरणाला द्राक्षं. लाक्षणिक अर्थ कुठे गेला, बाबा? तुम्हीच शिकवला होतात: अकाली, पिकण्याआधीच तुटलेला. लहान मुलाच्या मरणाला ते लोक हाच शब्द लावत.

माझ्यासाठी गाळलात ना? बोक्याला जाऊन वर्ष होत आलं. त्याचं नाव निघालं की आई विषय बदलते. हे पाळणा माळ्यावर टाकून मोकळे झाले. आता तुम्हीही? चार महिने होता माझा मुलगा. तो नव्हताच असं तुम्ही सगळे वागता आणि मला तो रोज नव्याने गमवावा लागतो. रागावले आहे.

माया आहेच, पण तिच्यापायी असं काही लपवू नका.
तुमची,
ताई


९ ऑगस्ट

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवायला घेतलं आणि अर्ध्यावरच तिच्या हातात दिलं. पुढचं तिने वाचलं.

तुला जपायला तो अर्थ गाळला, असं मी तिला सांगितलं होतं. साफ खोटं. दोन-तीनदा लिहायला बसलो. अर्थ दिला की खाली उदाहरण हवं, आणि मला एकच सुचत होतं. मग गाढवासारखा द्राक्षं लिहून उठलो. आता अर्थ घातलाय. उदाहरण तू सांगशील तेच जाईल; छापखानेवाला बसू दे बोंबलत.

आमचा एक वाद चाललाय. बोक्या झोपेत हसायचा तेव्हा खळी कुठल्या गालाला पडायची? मी म्हणतो उजव्या, आई म्हणते डाव्या. तू निकाल दे.

आमची आठवण ठेव, राग सोड.
बाबा


१४ ऑगस्ट

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

उदाहरण असं द्या: ‘आमचा बोक्या अकाली गेला.’ त्यातला ‘आमचा’ कापू नका.

खळीचा निकाल मला देता येत नाही. पत्र वाचलं आणि आठवायला बसले. मग त्याचे फोटो बाहेर काढले. एकाही फोटोत तो हसत नाही, हेडमास्तरासारखा बघतोय नुसता. यांना विचारलं, तर हे उठून बाहेर गेले. बाबा, मी त्याची आई, आणि मला आठवत नाही.

तुम्ही दोघं निघून या. तो वाद इथे, माझ्यासमोर घाला.

वाट बघते.
ताई