काळे म्हणायचं नाही, असं बजावल्यावर

बाबा, मला एकदा काळे म्हणून हाक मारा हो. एवढ्याचसाठी लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कोण मारणार हाक, हे मलाही कळतं. वेडी नाही झाले अजून. पण आज सकाळपासून जीव नुसता कासावीस झालाय, आणि दुसऱ्या कोणाकडे मागण्यासारखी ही गोष्ट नाही.

त्या दिवशी पाहुणे मला बघायला आले होते. आईने पोह्यांच्या बशा बाहेर नेल्या आणि तुम्ही रोजच्या सवयीने आत हाक मारलीत, "काळे, पाणी आण गं!" मी बाहेर आले तर मुलाच्या आईची नजर माझ्या हातांवर, मग चेहऱ्यावर. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही म्हणे. मी तुमच्यावर तुटून पडले. "परत मला काळी म्हणालात तर याद राखा!" तुम्ही चष्मा पुसत नुसतं "बरं" म्हणालात. आणि तुमचं बरं म्हणजे बरंच. त्या दिवसापासून माझं नाव, पूर्ण, हजेरी घेतल्यासारखं. मी पीएचडीसाठी इकडे जर्मनीत, म्युनिकजवळ गार्चिंगला आले, तरी दर रविवारच्या फोनवर तेच नाव.

इथे होस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात एक कोलंबियाची मुलगी होती. मोठ्या आवाजाची, प्रेमळ बाई. ती कोणालाच नावाने हाक मारायची नाही. काडीसारख्या पोलिश मुलाला गोर्दो, म्हणजे जाड्या. मला नेग्रा, म्हणजे काळी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिच्यावर डोळे वटारले, तर ती खो खो हसायला लागली. म्हणाली, "अगं, माझी आजी घरातल्या गोऱ्यातल्या गोऱ्या नातीलाही हेच म्हणते." मग कांदा चिरता चिरता सांगत बसली. तिची आई तिच्या वडिलांना गोर्दो म्हणायची. संसार चालू होता तोवर लाडाने, मोडल्यावर तोच शब्द दात खाऊन. 'मी विदा', म्हणजे माझ्या जिवा, हे ती स्वतः भांडताना वापरायची. काय भाषा आहे ही, मी म्हटलं. पण मनात तुम्ही आलात.

एकदा आम्ही दोघी ऊ-बानमधून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, म्युनिकला चाललो होतो. तिने पलीकडच्या सीटवरून मला तशीच हाक मारली आणि एक जर्मन बाई ताडकन उठली. असं कोणाला म्हणतात का, लाज नाही वाटत, म्हणून सगळ्या डब्यासमोर तिला झापलं. माझ्याच बाजूने बोलत होती बिचारी. मी गप्प बसले, बाबा. तोंड उघडलं नाही. त्यानंतर आठवडाभर ही माझी मैत्रीण मला नावाने हाक मारत होती, अगदी नीट, आणि मला ते होस्टेल खायला उठायचं. आठव्या दिवशी मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, पूर्वीसारखी हाक मार ना. ती म्हणाली, "हो गं हो, नेग्रा," आणि माझ्यापुढे भात वाढला. एवढं सोपं होतं.

त्या रविवारी कॉलिंग कार्ड खरवडून तुम्हाला फोन लावला. हेच बोलायचं ठरवलं होतं. आणि बोलले काय, तर गॅसचा नंबर लागला का, गुडघा कसा आहे. परक्या भाषेत परक्या बाईला जे जमलं, ते माझ्या मराठीत माझ्या बापाला जमलं नाही! पुढच्या रविवारी म्हणू, असं करत सारा हिवाळा घालवला. मग दादाचा फोन आला. मी पोचले तोवर तुम्हाला नेलं होतं.

बाबा, किती हट्टी हो तुम्ही. बापाने एवढं ऐकायचं असतं का लेकीचं? एकदा तरी चुकायचं होतं.

हे पत्र कुठे पाठवणार? फाडूनच टाकीन. फक्त एक सांगते. शेवटच्या फोनवर तुम्ही मला काळे म्हणालात, असं मी नवऱ्याला लग्नाआधीच सांगून ठेवलंय, आणि तो ते सगळ्यांना कौतुकाने सांगतो. मी त्याला अजून अडवलेलं नाही.