मे महिन्यातला हीटर

मंगळवार, दिवेलागणीला

हीटरचं ते बटण डोक्यातून जात नाही. रविवारी गाडीचं कुलंट मी स्वतः बदललं, आणि आज सात रस्ता चौकात इंजिनच्या तापमानाचा काटा एकदम लालवर! कुलंट तर काठोकाठ होतं.

गॅरेजच्या मिस्त्रींनी पहिलंच विचारलं, "भरताना हीटर चालू होता का, ताई?"

मला हसूच आलं. सोलापुरात, मे महिन्यात, हीटर?

"तितंच हवा अडकली की, हीटरच्या नळीत. बंद हीटरात कुलंट जातंय कुठं?"

इंजिन पार गार झाल्यावर त्यांनी गाडीचं तोंड चढावर केलं, रेडिएटरचं झाकण काढलं, इंजिन चालू करून मला हीटर फुल्ल करायला लावला. बटण फिरेचना. आठ वर्षांत कुणी हातच लावला नव्हता. इंजिन तापलं तरी आधी नुसताच वारा. मग झाकणाशी गुडगुड, बुडबुडे, आणि तोंडावर भट्टीसारखी झळ. "आली!" मी ओरडलेच, घामानं निथळत.

पण हवा नेमकी तिथंच का जाऊन बसते? विचारायचं राहिलं.

उद्या आप्पांना वैरागला सोडायचंय. वाटेत दोन मिनिटं ते बटण फिरवून झळ येते का बघणारच, म्हणजे हवा उरली नाही हे कळेल. आधी सांगायचं नाही. लेकीच्या गाडीवर त्यांचा तसाही भरवसा नाही, ऐकलं तर एसटीनं जातील.