गाठ मारलेला पदर

तार उलगडते आहे, अण्णा, आणि बोटाखालचा पदर सुटू द्यायचा नाही एवढंच स्वतःला बजावते आहे. पुस्तकांच्या शेल्फाला मागून वाळवी लागली म्हणून ते भिंतीपासून ओढलं. स्पीकरचे दोन्ही डबे अजून वरच्या फळीच्या दोन टोकांना बसलेले आहेत, फणसाच्या लाकडाचे, तुमच्या मापाने केलेले. रेडिओ केव्हाच मुका झाला. तारा मात्र तुम्ही ठोकलेल्या खिळ्यांवरूनच गेल्या आहेत. उजव्या डब्याची तार मी सोडवली आणि तिच्या पिळातला एक पदर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाने चालवत नेते आहे. शेवटी काय निघालं ते सांगेन. आधी आपला वाद नीट मांडते, कारण त्यातलं बरंच माझं बरोबर होतं.

तुम्ही म्हणत होतात, डबे पुस्तकांत ठेवू नकोस, कागद आवाज खातो. मी म्हणत होते, खाऊ दे थोडा, आपली खोली रिकाम्या हंड्यासारखी घुमते. ते खरं ठरलं. पुस्तकांनी आवाज गोळा केला आणि तुम्हीही मान हलवलीत. तारेचंही तसंच. तुम्हाला जाड तार हवी होती. मी म्हटलं, इथून तिथवर आठ हात अंतर, त्याला ही बारीक पुरते. ती पुरली. पण त्या दिवशी तुम्ही आईसमोर मला म्हणालात, "बाय, तुझं शिक्षण पुस्तकातलं. आवाजाच्या कामात बोलू नको." मी तेव्हा हायस्कुलात मराठी शिकवत होते, घरातला रेडिओ माझ्या हौसेने आलेला होता. आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "डबे दोन, डोकी दोन, आणि मला एक बातमी धड ऐकू येत न्हाय."

एका गोष्टीत मात्र तुम्हाला कोणी शिकवू शकलं नसतं. तुम्ही बॅटरीतला सेल काढून डब्याच्या दोन स्क्रूंना टेकवलात आणि कागदी पडद्यावर बोट ठेवलंत. सेलचं अधिक टोक ज्या स्क्रूला टेकल्यावर पडदा पुढे आला, त्याला आईच्या करंड्यातलं कुंकू लावलंत. तारेचे दोन्ही पदर एकाच तपकिरी रंगाचे, म्हणून एका पदराला दोन्ही टोकांशी गाठ मारलीत. गाठ कुंकवाला. "दोन्ही पडदे एका वेळी पुढे यायला हवेत," तुम्ही सांगितलंत. "एक पुढे, एक मागे झाला तर ते एकमेकांचा आवाज मारतात." पेट्यांचे सूर लावून तुम्ही घर चालवलंत. पितळी पट्टी कानशीने घासायची, कान लावायचा, पुन्हा घासायची. दिघीपासून हरिहरेश्वरापर्यंत भजनी मंडळांच्या पेट्या आपल्या ओटीवर यायच्या.

त्या वर्षीची खंडेनवमी मला स्पष्ट दिसते. पावसाळ्यात खाऱ्या हवेने तारांची टोकं हिरवी पडली होती. तुम्ही पूजेसाठी कानशी पुसत बसला आहात आणि मला म्हणता, टोकं कापून नवी सोल. मी कापते. उजव्या डब्याकडची गाठ कापलेल्या तुकड्याबरोबर जाते. आई आतून हाक मारते, "कात्री दे गो, पाटावर सगळी हत्यारं मांडली, तेवढीच राहिली." पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. मी घाईने हाताला आलेल्या पदराला गाठ मारते, तो कुंकवाला जोडते आणि कात्री आत देते.

दसऱ्याच्या संध्याकाळी तुम्ही रेडिओ लावलात, दोन्ही डब्यांच्या बरोबर मध्ये बसलात आणि थोड्या वेळाने म्हणालात, "आवाजाला पोट नाही. मधे पोकळ लागतं."

"तसाच आहे," मी म्हटलं.

"तार बघ."

"गाठ कुंकवालाच आहे. बघा तुम्हीच." तुम्ही पाहिलंत. गाठ कुंकवालाच होती. "अण्णा, वय झालं की कान असे करतात."

तुम्ही परत मधे जाऊन बसलात. पुढचे आठ दिवस रोज तिथे बसून ऐकत होतात. मग आगरदांड्याचे बुवा आपली पेटी न्यायला आले. तुम्ही एक सूर बराच वेळ दाबून धरलात, भाता संपला तसा सोडलात, आणि कानस खाली ठेवलीत. "ही दुसऱ्याकडे न्या."

"अण्णा, तुमच्या कानावर आमचं भजन उभं हाय."

"कान होता," तुम्ही म्हणालात.

कानशी तेल लावून फडक्यात बांधल्यात. त्यानंतर दोन वर्षं जगलात, पण पेटी उघडली नाहीत. आगरदांड्याला अजून कोणी सूर सोडून गायलं की म्हणतात, अण्णांसारखा कान गेला याचा. मी ते ऐकलं आहे आणि तुमच्या बाजूने एक शब्द बोललेले नाही.

पदर आता दुसऱ्या टोकाला आला आहे. रेडिओच्या बाजूची तुमची गाठ एका पदराला आहे. डब्याच्या बाजूची माझी गाठ दुसऱ्याला. उजवा पडदा तेव्हापासून डावा पुढे आला की मागे जात होता. तुम्ही ऐकलंत ते खरं होतं.

इथे थांबता आलं असतं. चूक घाईची होती, मला माहीत नव्हती, आणि एवढं कोणीही माफ करील. पण दसऱ्याच्या त्या संध्याकाळी मीही ऐकत होते, अण्णा. मलाही मधे पोकळ लागलं होतं. कशाने ते कळलं नव्हतं, पण लागलं होतं. तुम्ही मला आवाजाच्या कामात बोलू नको म्हणाला होतात, म्हणून मी ते बोलले नाही.

तुम्हाला लिहिलेला हा कागद घडी घालून उजव्या डब्यात ठेवते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या तरीने खाडी ओलांडून आगरदांड्याला गेले. बुवा ओटीवर बसले होते, मंडळाची माणसं चहा घेत होती. मी सांगितलं, अण्णांचा कान शेवटपर्यंत शाबूत होता, तार मी उलटी जोडली होती. बुवांना आता कमी ऐकू येतं. ते दुसऱ्यांदा मोठ्याने सांगावं लागलं.