खळीतलं मोरचूद

॥ श्री ॥

दार्सैत, मस्कत
९ जून २०१३

ती. मैनाताईस,
दयानंदचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची सवय आहे. आज ते लिहवत नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून उस्मानभाईंच्या हाती पत्र देतोय. ते मुलीच्या, सकिनाच्या, लग्नाला रत्नागिरीला येतायत. अठराला परत फिरतील. उत्तर त्यांच्याकडेच दे.

अझैब्याच्या एलिनॉर मॅडमबद्दल मागे लिहिलं होतं. त्यांचे आजोबा अमेरिकेत गावोगाव फिरणाऱ्या नाटकमंडळींत पियानो वाजवायचे. त्यांची ट्रंक मॅडमनी जपून ठेवलीय. शंभर वर्षांपूर्वीची छापील गाणी, वर रंगीत चित्रं, वर्तमानपत्रातून कापलेल्या कविता, खेळांच्या जाहिराती, अगदी तिकिटंसुद्धा. तिकडचं एक ग्रंथालय हे सगळं कायमचं सांभाळणार आहे. त्यांचा माणूस पंचवीस तारखेला न्यायला येतोय. त्याआधी घडीवर फाटलेली एकतीस गाणी सांधायला आमच्या फ्रेमच्या दुकानात आली. आमच्या मालकाने, अर्बाबने, छाती ठोकून सांगितलं, माझा दयानंद बायंडरचा मुलगा आहे.

मी बाबांचीच खळ केली. मैदा शिजवला, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलं, पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या. मार्चमध्ये काम सुरेख दिसत होतं. मे महिनाभर मॅडम बाहेरगावी, गाणी ठेवलेल्या त्यांच्या खोलीतला एसी बंद. परवा पाहतो तर प्रत्येक घडीवर हिरवट-तपकिरी डाग, आणि कागद पापडासारखा मोडतोय.

ताई, पुढचं लिहायला हात धजत नाही. त्यातलं एक गाणं सगळ्यात जास्त बिघडलंय. त्याची दुसरी प्रत कुठेच सापडलेली नाही, आणि पाठीमागे आजोबांनी पेन्सिलीने स्वतःची कविता लिहिलीय. गुपचूप दुरुस्त करू म्हणून ते मी न विचारता खोलीवर आणलं. गादीखाली आहे. मॅडम आता ते शोधतायत. काल मीही त्यांच्याबरोबर कपाटं धुंडाळली, काही माहीत नसल्यासारखं. पासपोर्ट अर्बाबकडे आहे. चोर ठरलो तर सरळ तुरुंग. मग पूर्वाने शाळेत काय सांगायचं, बाप कुठे आहे म्हणून?

डाग कसा काढायचा तेवढं लिही. या कामात तू माझ्यापेक्षा वरचढ आहेस, हे आज पहिल्यांदा कबूल करतो. हे वाचल्यावरही लोभ आहे तसाच असू दे.

तुझा,
दयानंद

॥ श्री ॥

देवरुख
१५ जून २०१३

चि. दयानंद यास,
अ. उ. आ.

लग्नघरातून वेळ काढून उस्मानभाईंनी स्वतः पत्र आणून दिलं. ते वाचताना गॅसवरचं दूध उतू गेलं तेही कळलं नाही.

डाग निघत नाही. लिंबू लावू नकोस, पाण्याने पुसू नकोस, उन्हात ठेवू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. आठवीत प्रगतिपुस्तकावरचा लाल शेरा खोडायला गेलास आणि भोक पाडून ठेवलंस.

ते गाणं दोन कोऱ्या पुठ्ठ्यांमध्ये ठेव आणि हे पत्र मिळताच मॅडमच्या हातात दे. ग्रंथालयाच्या माणसाने डाग शोधायच्या आधी तू सांग. तिकडची हवा दमट, मोरचूद जरा जास्त घाल, असं तू निघताना मीच सांगितलं होतं. हवं तर माझं नाव घे. मला पकडायला कोण येतंय, आणि आलंच तर त्यांचं बोलणं मला ऐकू कुठे येणार.

थट्टा केली खरी, पण मला तुझ्याबद्दल फार भीती वाटते आहे. पूर्वाच्या आईने पत्रात काय आहे म्हणून विचारलं, मी म्हटलं, खळीचं माप विचारलंय.

राग आहे. लोभ त्याहून मोठा आहे, हे समजून अस.

तुझी,
मैनाताई

॥ श्री ॥

दार्सैत
२८ जून २०१३

ती. मैनाताईस,
शि. सा. नमस्कार.

सांगितलं. अझैब्याला जाताना टॅक्सी थांबवून उतरावं असं दोनदा वाटलं. मॅडमनी दारातच पाणी विचारलं, मी त्याआधीच सगळं बोलून टाकलं. तुझं नाव घेतलं नाही. त्या ओरडल्या नाहीत. कागद उजेडात धरला. घडीवरची कवितेची एक ओळ पूर्ण झडली होती. ती त्यांनी आठवून म्हणून पाहिली, मध्येच अडकल्या आणि रडू लागल्या. मार खाल्ला असता तर बरं झालं असतं.

अर्बाब म्हणाला, खलास, पोलिसांत देतो. मॅडमनी त्याला थांबवलं. तक्रार करणार नाही, पण याने या कागदांना पुन्हा हात लावायचा नाही, असं म्हणाल्या. नोकरीचं अर्बाब अजून काही बोलत नाही. तो दुकानात आला की मी पुसलेल्याच फ्रेम पुन्हा पुसायला घेतो.

पंचविसाला ग्रंथालयाचा माणूस आला. खळीत काय होतं ते दुसरं कोण सांगणार, म्हणून त्याने मला शेजारी बसवून सगळं लिहून घेतलं. बावीस गाणी वाचतील, नऊ गेली. मोरचुदात तांबं असतं, ते आधी कीड मारतं आणि मग कागदालाच खातं, असं तो म्हणाला. गाण्यांचा कागद मुळातच हलका, दमट हवेत तीन महिन्यांत गेला. चांगल्या कागदाला वीस-तीस वर्षं लागतात, पण सुटत तोही नाही.

पूर्वाला माझा पापा. माझ्यावर रागव, पण पत्र थांबवू नकोस.

तुझा,
दयानंद

॥ श्री ॥

देवरुख
१२ जुलै २०१३

चि. दयानंद यास,
अ. उ. आ.

पत्र मंगळवारी मिळालं. तू तुरुंगाबाहेर आहेस एवढं कळलं आणि देवापुढे साखर ठेवली. तो आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. मग वीस-तीस वर्षांचं जे लिहिलंयस ते पुन्हा वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन वाचनालयात गेले.

तिथली पुस्तकं आधी बाबांनी बांधली, पुढे मी. जुनी कपाटं कोणी उघडत नाही. पहिलं पुस्तक काढलं ते बाबांच्या हातचं, आपल्याच तालुक्यातल्या मंडळींनी छापलेल्या कवितांचं. पाठीजवळचा कागद तपकिरी पडलाय. हलकेच उघडलं तर तीन पानं सुटून माझ्या हातात आली. दुसरं माझ्या हातचं. तेही तसंच. तिसरं काढायची हिंमत झाली नाही. ग्रंथपाल जनार्दनरावांनी काहीतरी विचारलं. ऐकू आलं नाही याचं आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं, आणि मी तशीच घरी पळून आले.

दयानंद, अशी सहाशे पुस्तकं आहेत. या कामासाठी गावाने मला शाल पांघरली आहे. आधी तू सांग, असं तुला किती सहज लिहून गेले मी. टॅक्सीतून उतरावंसं का वाटलं ते आता कळतंय.

वाचनालय उद्या दहाला उघडतं. मी सांगणार आहे. जाताना वाटेत हे पत्र पेटीत टाकेन, म्हणजे मागे फिरायची सोय राहणार नाही. ती बावीस गाणी त्या माणसाने कशी वाचवली ते पहिल्यापासून लिही, काही गाळू नकोस.

माझा लोभ तुझ्यावर आहेच. उद्यापासून मलाही तुझा लोभ लागेल.

तुझी,
मैनाताई