शुक्रवारची पट्टी

प्रिय लॅकलन,

फोनवर तू "हो गं आई, बरं आई" करत फोन ठेवून देतोस, म्हणून आज कागद घेतलाय. अक्षर वाकडं आलंय, ते बोटांमुळे. डोक्यामुळे नाही. शेवटपर्यंत वाच, मध्येच चहाला उठू नकोस.

पायाची जखम तुला ठाऊक आहेच. एक दिवसाआड पट्टी बदलायची असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. घरी मदतनीस पाठवणाऱ्या संस्थेकडून सेला, ती टोंगा बेटांवरची बाई, येत होती तोवर माझी काहीच तक्रार नव्हती. हात धुवायची, हातमोजे घालायची, आणि माझ्या हुकमानुसार पट्टीवर तारीख लिहायची. इथल्या, व्हायालाच्या इस्पितळात मी तीस वर्षं नर्स होते, ती सवय सुटत नाही. नऊ तारखेच्या शुक्रवारी तिनं पट्टी केली आणि जाताना म्हणाली, "मावशी, आता मला दुसऱ्या भागात टाकलंय. तुमच्याकडे मी फार वेळ लावते म्हणे."

त्यानंतर रविवारी एक मुलगी आली, मंगळवारी दुसरी, गुरुवारी तिसरी. प्रत्येकीनं दारातूनच विचारलं, "सगळं ठीक ना?" आणि ओट्यावरच्या वहीत 'पट्टी बदलली' असं लिहून निघून गेली. तिसरीला मी थांबवलं, तर रडकुंडीला आली. पट्टी कशी करतात हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं! तिच्यावर काय चिडणार? मी संस्थेच्या व्यवस्थापक बाईंना, रोंडाला, फोन केला. ती म्हणाली, "ॲव्हिस राणी, वहीत तर सगळं लिहिलंय. तुम्ही विसरत असाल." राणी म्हणे! माझे हात पायापर्यंत पोचत नाहीत, नाहीतर मी तिला फोन तरी कशाला केला असता?

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, संस्थेच्या कामाची सरकारकडून तपासणी होती. मिस प्रिडल नावाची तरुण बाई आली आणि तिच्या शेजारी, केक घेऊन, रोंडा बसली. मी तोंड उघडलं की रोंडा हसायची आणि मिस प्रिडलकडे बघून मान हलवायची. जणू मी खोलीतलं मांजर. मिस प्रिडलनं अवघडून सांगितलं, "तुमच्या मुलाशी फोनवर बोलणं झालंय. ते म्हणाले, सेवा उत्तम आहे, आई हल्ली जरा कल्पना करते."

लॅकलन, मी चिडले नाही. आधी नुसती गार पडले. मग स्कर्ट वर केला आणि पाय स्टुलावर ठेवला. पट्टीवर सेलाच्या अक्षरात लिहिलं होतं: शुक्रवार, नऊ. वास सगळ्यांनाच आला. मी म्हटलं, "ही माझी कल्पना. आता ती वही वाचा." मिस प्रिडलनं वही वाचली, फोटो काढले, आणि रोंडाला बाहेर गाडीत थांबायला सांगितलं. मग तासभर तिनं फक्त मला विचारलं, फक्त माझं लिहून घेतलं. संध्याकाळी इस्पितळातून नर्स आली. जखम चिघळलीय, पण पाय वाचेल.

जाण्यापूर्वी मिस प्रिडलनं मला माझ्या फाइलमधला एक कागद दाखवला. 'आईबद्दलचे सर्व प्रश्न यापुढे मलाच विचारावेत.' खाली तुझी सही. रोंडानं तुला सांगितलं असेल, आईचा त्रास वाचेल म्हणून. तू भाबडेपणानं केलंस, की माझ्या फोनांना कंटाळून, हे मी विचारणार नाही. काल डॉक्टरांकडे जाऊन स्मृतीची चाचणी दिली. तीसपैकी एकोणतीस. त्यांच्या दाखल्यासोबत तो कागद रद्द करायचं पत्र आजच टाकलंय. पुढच्या गुरुवारी दहा वाजता मिस प्रिडल परत येतेय, आणि रोंडाचे वरिष्ठही येणार आहेत. ॲडलेडहून चार तासांचा रस्ता आहे, तेव्हा पहाटेच निघ. माझ्या बाजूनं बोल असं मी म्हणत नाही. काहीच बोलू नकोस. माझ्याशेजारी बस, आणि मी बोलत असताना त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघ.

तुझीच, पूर्ण शुद्धीवर असलेली,
आई