आईच्या बुडाखालचा देवमासा

३ जानेवारी
ठरलं. मागच्या दारी पडलेला देवमाशाचा मणका नव्या निसर्ग संग्रहालयाला देणार. आई चाळीस वर्षं त्यावर बसून मासे साफ करतेय. शास्त्रीय वस्तूचा हा उपयोग! आता पाटी लागेल: देणगीदार, श्री. रघुनाथ भाटकर. सगळी रत्नागिरी वाचेल.

५ जानेवारी
आई नाही म्हणाली. गुडघ्यांना तीच उंची बरी पडते म्हणे. लगेच प्लास्टिकचं स्टूल आणून दिलं. निळं. हलतं म्हणाली. नव्या वस्तूला नावं ठेवायची सवयच आहे तिला.

८ जानेवारी
संग्रहालयाच्या राही मॅडम आल्या. वनखात्याची परवानगी त्याच काढणार. घर आईच्या नावावर, म्हणून अंगठा तिचा. किरकोळ बाब. मणक्यावरची चकाकी दाखवून मी सांगितलं, शेकडो वर्षांच्या लाटांनी घासलाय. त्यांनी लिहून घेतलं नाही. माहीत असणार. मग मी सत्काराच्या शालीची चौकशी करायला फोन घेऊन अंगणात गेलो. तेवढा वेळ त्या आईशी गप्पा मारत बसल्या. बायकांना विषय लागत नाही.

२० जानेवारी
मणका गेला. टेम्पोत चढवण्याआधी आईने तो पदराने पुसला. बायको दमयंती म्हणाली, आईंना एकदा विचारायचं तरी. विचारलं होतं. उत्तर चुकीचं आलं होतं.

२ मार्च
भाषण पाठ. अकरा मिनिटं. पत्रकात लिहिलंय, इमारत जांभ्याची, छपरावर गवत, एसी नाही, वारा आपोआप खेळतो. तरी कोटच घालणार.

५ मार्च, सकाळी ९
उद्घाटन. आईला बसायला स्टूल बरोबर घेतलंय. मला आईची काळजी नाही म्हणणाऱ्यांनी बघावं.

५ मार्च, दुपारी ३
दारावरच स्टूल अडवलं. प्लास्टिक आत चालत नाही. मग ते कुठे ठेवायचं यावर अर्धा तास वाद. घामाने कोट भिजला. खेळणारा वारा माझ्याशी काही खेळला नाही. तोवर पाहुण्यांनी रोप लावलं, टाळ्या झाल्या, संपलं. भाषण कोणाचंच नव्हतं.

मणका मधोमध, वर झरोका, उजेड थेट त्याच्यावर. पाटी वाचली. 'वरचा गुळगुळीतपणा चाळीस वर्षांच्या बसण्याने आलेला. बसणाऱ्या व देणाऱ्या: गोदूबाई भाटकर.' पुन्हा वाचली. पाटीच्या मागेही पाहिलं. कोरी.

आईला वाचता येत नाही. काय लिवलंय, तिने विचारलं. म्हटलं, देवमासा लिहिलंय.

तिने हात लावला. गार्ड म्हणाला, आजी, हात नको. ती म्हणाली, "माजी बसायची जागा हाय ती." गार्डने माझ्याकडे पाहिलं. मी आईचा हात बाजूला केला. नियम म्हणजे नियम.

६ मार्च
आई जमिनीवर बसून बांगडे साफ करत होती. ती उठताना मी हात पुढे केला. तिने भिंत धरली.

पाटीवरील नावात दुरुस्ती करणेबाबत राही मॅडमना पत्र लिहायला घेतलं. बसायला निळं स्टूल ओढलं.

हलतं.